छत्तीस नजरा

चार्ल्स डार्विन यांनी १८६७ साली एक छापील प्रश्नावली जगभर धाडली. पुढे ती पुस्तकात आली तेव्हा तीत सोळा प्रश्न होते. अचंबा वाटला की माणसे डोळे आणि तोंड वासतात का, भुवया वर जातात का? शरमेने चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकार देताना मान वरखाली आणि नकार देताना आडवी हलते का? मिशनरी, व्यापारी, वसाहतींतले अधिकारी अशा मंडळींकडून छत्तीस उत्तरे आली आणि त्यांच्या आधारे १८७२ साली मानव आणि प्राणी यांच्या भावाविष्कारावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मदत करणाऱ्यांत एच. एर्स्किन नावाचे एक गृहस्थ होते. ते मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहत होते. त्यांनी तिथल्या लोकांचे चेहरे मन लावून न्याहाळले. मात्र खात्रीने काही सांगता येत नाही, असे त्यांना कळवावे लागले, कारण युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या भावना नेहमीच झाकून ठेवतात. डार्विन यांनी ही अडचण आपल्या प्रस्तावनेत नोंदवली. ग्रंथाच्या पसाऱ्यात ती नोंद सहज नजरेआड होते. मला मात्र ती फार मोलाची वाटते. चेहरे वाचता आले नाहीत हे एर्स्किन यांनी कबूल केले आणि ते कुणाच्या समोर वाचता आले नाहीत हेही त्याच दमात सांगितले. नगरच्या शेतकऱ्याला भावनाच नाहीत, असे त्यांच्या मनातही आले नाही.

आज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत एक समीकरण रूढ झाले आहे. माणसात ऑटिझमची लक्षणे जितकी अधिक, तितकी त्याच्यातली समानुभूती कमी आणि तितकेच दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे अवघड, असे ते समीकरण. यात तीन गोष्टी एका दोरीने बांधल्या आहेत. त्या जन्मतः एकत्र नव्हत्या. त्यांची गावे वेगळी, काळ वेगळे, त्या वाढवणारी माणसेही वेगळी. ही दोरी कुणी, केव्हा आणि कशी वळली, ते आपण सावकाश पाहत जाऊ.

पहिली गोष्ट चेहऱ्याची. डार्विन यांच्याही आधी, १८६२ साली, पॅरिसच्या गियोम द्युशेन या वैद्याने माणसाच्या मुखचर्येवर एक सचित्र ग्रंथ काढला. त्यांना एक म्हातारा रुग्ण मिळाला होता. त्याच्या चेहऱ्याच्या त्वचेला जवळजवळ संवेदनाच उरली नव्हती, त्यामुळे विजेची अग्रे टेकवली तरी त्याला दुखत नसे. द्युशेन एकेका स्नायूला विजेने आकुंचित करीत आणि उमटलेल्या मुद्रेचे छायाचित्र काढून घेत. त्या म्हाताऱ्याच्या मनात भीती नव्हती, शोकही नव्हता, पण छायाचित्रात दोन्ही दिसत होते. डार्विन यांनी १८६८ साली यातली अकरा छायाचित्रे निवडली आणि वीसहून अधिक माणसांना, स्पष्टीकरणाचा एक शब्दही न देता, दाखवली. यात कोणती भावना दिसते, असे प्रत्येकाला विचारले. चेहऱ्यावरून भाव ओळखण्याची पद्धतशीर परीक्षा म्हणून आपल्याला ज्ञात असलेली ही अगदी आरंभीची. काही चित्रांवर जवळजवळ सगळ्यांचे एकमत झाले, तर काहींवर इतकी भिन्न उत्तरे आली की ती चित्रे बादच करावी लागली. याहून महत्त्वाची गोष्ट डार्विन यांनी स्वतःविषयी लिहिली आहे. द्युशेन यांचा मजकूर वाचत वाचत ही चित्रे पाहिली तेव्हा ती त्यांना हुबेहूब वाटली होती. मजकूर बाजूला ठेवला असता, तर मात्र काही चित्रांपुढे आपणही इतरांसारखेच गोंधळलो असतो, हे त्यांनी मान्य केले. चित्राशेजारी शब्द असला की डोळ्यांना तोच दिसू लागतो. ही सावधगिरी पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत फारशी कुणी पाळली नाही.

आता दुसरी गोष्ट, समानुभूतीची. ॲडम स्मिथ यांनी १७५९ च्या नीतिभावनांवरील ग्रंथात दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याविषयी पुष्कळ लिहिले होते, पण त्यांचा शब्द सहानुभूतीचा होता. आपल्याला हवा असलेला शब्द जर्मनीत आणि कलाविचारात जन्मला. १८७३ साली, म्हणजे डार्विन यांच्या ग्रंथानंतर एकाच वर्षाने, रॉबर्ट फिशर नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधात ‘आइनफ्युलुंग’ हा शब्द वापरला. अर्थ असा की एखाद्या आकारात शिरून तो आतून अनुभवणे. उंच खांब पाहताना आपलाही कणा ताठ होतो आणि ओथंबलेली फांदी पाहताना आपलेही खांदे पडतात, अशा अनुभवाचा तो शब्द. माणसाचे दुःख त्यात अजून आलेलेच नव्हते. इंग्लिश लेखिका व्हर्नन ली आणि त्यांची मैत्रीण क्लेमेंटिना ॲन्स्ट्रदर-थॉमसन यांनी १८९७ च्या लेखात चित्रे आणि वास्तू पाहताना श्वास कसा बदलतो, तोल कसा सरकतो, याच्या बारीक नोंदी दिल्या. त्या आज कुणाला आठवत नाहीत. म्युनिकचे थिओडोर लिप्स यांनी हाच शब्द खांबावरून माणसाकडे वळवला. दुसऱ्याचे हावभाव पाहताना आपण मनातल्या मनात त्यांची नक्कल करतो आणि त्यातून त्याचे मन आपल्यात उमटते, असे त्यांचे म्हणणे होते. १९०९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे एडवर्ड टिचनर यांनी ग्रीक धातूंवरून ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द घडवला, तो याच जर्मन शब्दासाठी.

लिप्स यांना सर्वांत नेमके उत्तर दिले ते एडिट श्टाइन या तरुण तत्त्वज्ञ स्त्रीने. पहिल्या महायुद्धात तिने अभ्यास बाजूला ठेवला आणि साथीच्या रोगांच्या लष्करी रुग्णालयात परिचारिकेचे काम केले. परतल्यावर १९१६ साली याच विषयावरील प्रबंधाला तिला डॉक्टरेट मिळाली. तिचा मुद्दा साधा होता. दुसऱ्याचे दुःख मला कळते तेव्हा ते माझे होत नाही. ते त्याचेच राहते आणि माझ्यापुढे त्याचे म्हणूनच उभे राहते. दोन मने एक होतात, हे तिने नाकारले. १९४२ साली आउश्विट्झच्या छळछावणीत तिची हत्या झाली. आपण मराठीत ‘समानुभूती’ म्हणतो तेव्हा त्यातल्या ‘सम’मुळे नकळत लिप्स यांची बाजू घेतो. जणू दोघांचा अनुभव सारखाच असला पाहिजे! श्टाइन यांच्या बाजूचा शब्द आपल्याकडे अजून रूढ झालेला नाही आणि पुढच्या साऱ्या गोंधळात ही उणीव आपल्याला जाणवत राहणार आहे.

तिसरी गोष्ट ऑटिझमची. टिचनर यांच्या शब्दाला दोन वर्षे होत होती, तेव्हा १९११ साली झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांचा स्किझोफ्रेनियावरचा ग्रंथ आला आणि ‘आउटिझ्मुस’ हा शब्द वैद्यकात स्थिरावला. ‘आउटोस’ म्हणजे स्वतः. बाहेरचे जग सोडून कल्पनेच्या, दिवास्वप्नांच्या आतल्या जगात राहणाऱ्या रुग्णांसाठी तो होता. म्हणजे त्या काळी ऑटिझमचा अर्थ कल्पनेचा अतिरेक असा होता. १९७९ साली लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांच्या पाहणीतून ऑटिझमची त्रिसूत्री मांडली, तेव्हा कल्पनाशक्तीची उणीव हे तिच्यातले एक सूत्र होते. एकाच शब्दाने अर्धी प्रदक्षिणा घातली, पण त्याच्या पोटातला ‘स्वतः’ तसाच राहिला. मराठीने त्याचे ‘स्वमग्नता’ केले. शब्द गोड आहे, उच्चाराला सोपा आहे आणि पालकांच्या तोंडी रुळलेलाही आहे. पण तो ऐकणाऱ्याला आधीच निकाल सांगतो की हे मूल स्वतःत बुडालेले आहे, त्याला तुमचे काही पडलेले नाही. झुरिकमधल्या प्रौढ मनोरुग्णांविषयीचे एक अनुमान असे चाळीसगावच्या किंवा मडगावच्या चार वर्षांच्या पोराच्या कपाळी चिकटले.

ऑटिस्टिक मुलांचे वर्णन सर्वांत आधी कुणी केले, या प्रश्नाला शाळकरी उत्तर लिओ कॅनर असे आहे. वास्तविक त्यांच्या अठरा वर्षे आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा मुलांवर लेख लिहिला. सहा मुलांची तपशीलवार वर्णने असलेला त्यांचा लेख १९२६ साली जर्मनमध्ये आला. कमी हलणारा चेहरा, अवघडलेल्या हालचाली, सवंगड्यांपासून दूर राहणे, संगीताची आवड अशी निरीक्षणे त्यांनी टिपली. इंग्रजी वाचकांपर्यंत हा लेख पोहोचायला १९९६ साल उजाडले. दुसरे विसरलेले नाव गेओर्ग फ्रांकल यांचे. ते व्हिएन्नाच्या ज्या बालचिकित्सालयात काम करीत, तिथेच हान्स ॲस्पर्गर काम करत होते. फ्रांकल ज्यू होते. १९३७ साली ते अमेरिकेला गेले आणि बाल्टिमोरला कॅनर यांच्या सोबत काम करू लागले. फ्रांकल यांनी भाषेचे दोन पदर वेगळे केले होते. एक पदर शब्दांचा आणि दुसरा भावाचा, म्हणजे चेहरा, हातवारे, आवाजाचा चढउतार यांचा. काही मुलांत हे दोन पदर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि म्हणून भोवतालच्यांना ती मुले भावनाशून्य भासतात, असा त्यांचा रोख होता. याचा बारकावा लक्षात घ्या. बोट होते ते भाव उमटण्याच्या वाटेवर. भाव आतून आटला आहे, असा दावा तिथे नव्हता.

कॅनर यांचा प्रसिद्ध लेख १९४३ साली ‘द नर्व्हस चाइल्ड’ या नियतकालिकात आला. भाषा आणि भावसंपर्क यांच्यावरचा फ्रांकल यांचा लेखही त्याच वर्षी तिथेच छापला गेला, पण जगाने कॅनर यांचाच वाचला. त्यात आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा मुलांची हकिगत होती. माणसांशी भावनिक नाते जोडण्याची जी क्षमता निसर्गतः मिळते, ती घेऊनच ही मुले जन्मत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑटिझम आणि भावनेची उणीव यांची गाठ इथे बसली. त्या अकरांतला पहिला मुलगा, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट, पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी आपल्याच गावात, त्याला ओळखणाऱ्या आणि जपणाऱ्या लोकांत वारला. ॲस्पर्गर यांनी १९४४ साली चार मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी काही अपंग मुलांना नाझींच्या ‘आम श्पीगलग्रुंड’ संस्थेत धाडण्यास हातभार लावला होता आणि तिथे मुलांची हत्या होत असे. इतिहासकार हेर्विग चेक यांनी हे कागदपत्रांनिशी २०१८ साली उघड केले. मुलांच्या भावजीवनावर लेख लिहिणारा हात आणि तशी कागदपत्रे करणारा हात एकच होता, हे आपल्याला या इतिहासात लक्षात ठेवलेच पाहिजे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे भावनाशून्यतेचा ठपका मुलांवरून सरकून आयांवर आला. आई थंड, म्हणून मूल मिटलेले, असा तो विचार. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो घरोघर नेला, आणि किती घरे त्याने पोळली याची मोजदाद नाही. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी त्याआधीच, १९६४ साली, हा शरीरातला, मेंदूतला भेद आहे, असे साधार लिहिले होते. हळूहळू आया सुटल्या आणि ठपका फिरून मुलांवर आला. १९८७ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेची सुधारित तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यात दुसऱ्याच्या अस्तित्वाची किंवा भावनांची जाणीव नसणे हा निकषच झाला आणि उदाहरण दिले गेले ते माणसाला घरातल्या सामानासारखे वागवण्याचे. अनुमानाचा आता सरकारी नियमासारखा दबदबा निर्माण झाला.

मात्र निकषाला आकडा लागतो आणि आकड्याला मोजपट्टी. इथे आपण जरा मागे जाऊ, कारण समानुभूती मोजण्याचा प्रयत्न एकदा होऊन फसला होता, आणि तो का फसला हे कुणीच पुढे नेले नाही. १९४९ साली रोझलिंड डायमंड या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक सुंदर चाचणी रचली. थोडा काळ एकत्र घालवलेल्या माणसांनी स्वतःला काही गुणांवर मापायचे आणि समोरचा स्वतःला कसा मापेल, याचा अंदाज करायचा. दोन्ही जितके जुळतील तितकी समानुभूती अधिक. सहा वर्षांनी, १९५५ साली, संख्याशास्त्रात मुरलेले ली क्रोनबाख यांनी त्यातले वर्म दाखवले. समोरचा माणूस माझ्यासारखाच आहे असे मी धरून चाललो आणि तो खरोखरच माझ्यासारखा निघाला, तर त्याला जराही न ओळखता माझे गुण भरपूर येतील. म्हणजे जे मोजले गेले ते सारखेपण होते आणि त्यालाच आपण समज म्हणत होतो. हा इशारा इतका मूलभूत होता की त्या वाटेचे संशोधन पुष्कळ काळ थंडावले. क्रोनबाख यांच्यासमोर ऑटिझमचा प्रश्न नव्हता. पण ज्या माणसाचे मन बहुसंख्यांसारखे नाही, तो अशा प्रत्येक चाचणीत मुळातच हरणार, हे त्यांच्या गणितातून सरळ निघते.

तोवर वेगळीच वाट उघडली. १९७८ साली डेव्हिड प्रिमॅक आणि गाय वुडरफ यांनी चिंपांझीला दुसऱ्याच्या मनाचा अंदाज असतो का, असा प्रश्न विचारला आणि ‘थिअरी ऑफ माइंड’ ही संज्ञा रूढ झाली. दुसऱ्याचे मन ओळखणाऱ्यासाठी मराठीत ‘मनकवडा’ हा जुना शब्द आहे, आणि तो नेहमी कौतुकानेच वापरला जातो. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांची गोष्ट मुलांपुढे केली. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. मागे ॲन ती काढून पेटीत ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? बहुतेक मुलांनी ‘टोपलीत’ हे उत्तर दिले. ऑटिस्टिक मुलांपैकी २० पैकी १६ जणांनी पेटीकडे बोट दाखवले. हा प्रयोग समजुतीचा होता, भावनेचा नव्हताच. पण त्या निकालाचा बोभाटा झाला तेव्हा तो भेद कुणी जपला नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये पीटर हॉब्सन भावनांकडेच पाहत होते. त्यांनी मुलांना छायाचित्रांचे गट करायला दिले तेव्हा इतर मुलांनी चेहऱ्यावरच्या भावांना अग्रक्रम दिला आणि ऑटिस्टिक मुलांनी डोक्यावरच्या टोपीला. मला या प्रयोगात उणीव कमी आणि आवड अधिक दिसते. टोपीकडे आधी लक्ष जाणारे मूल चेहऱ्याला आंधळे असते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. १९९५ साली बॅरन-कोहेन यांच्या पुस्तकाचे नावच ‘माइंडब्लाइंडनेस’, म्हणजे मनाचे आंधळेपण, असे आले.

आणि मग २००१ साल. बॅरन-कोहेन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने एकाच वर्षी दोन साधने पुढे ठेवली. पहिले पन्नास विधानांचे. त्यात कुणीही साधा माणूस स्वतःला मापून आपल्यात ऑटिस्टिक छटा किती, याचा आकडा काढू शकतो. ३२ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण निदान झालेल्यांत ८० टक्के आणि इतरांत २ टक्के निघाले. यामुळे ऑटिझम हा आहे-नाही असा शिक्का न राहता सगळ्या माणसांत कमीअधिक पसरलेला गुण ठरला. ही फार मोठी आणि मला वाटते हितकारक घडामोड. दुसरे साधन डोळ्यांची सुधारित चाचणी. १९९७ साली ती प्रथम आली होती. आता तीत फक्त डोळ्यांचा पट्टा दाखवणारी छत्तीस छायाचित्रे होती आणि प्रत्येकाभोवती चार शब्द. त्यांतला जुळेल तो निवडायचा. २००४ साली समानुभूतीची साठ विधानांची प्रश्नावलीही त्यांनी दिली. तीत निदान झालेल्यांपैकी ८१ टक्के जणांना ३० किंवा कमी गुण पडले, तर इतरांपैकी फक्त १२ टक्क्यांना. तीन गोष्टी आता तीन आकडे झाल्या आणि आकड्यांचा परस्परसंबंध काढणे सोपे असते. दोरी घट्ट बसली.

छत्तीस हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. नाट्यशास्त्रात भरताने दृष्टीचे छत्तीसच प्रकार दिले आहेत. रसांच्या आठ, स्थायी भावांच्या आठ आणि संचारी भावांच्या वीस. कान्ता, भयानका, शून्या, लज्जिता, शंकिता अशी त्यांची नावे आहेत. केंब्रिजच्या चाचणीशी त्यांचा वंशसंबंध काहीच नाही, हा निव्वळ योगायोग. पण तुलना बोलकी आहे. भरताच्या रंगमंचावर पापण्या, बुबुळे, भुवया कशा चालवायच्या हे नटाने वर्षानुवर्षे शिकायचे, आणि प्रेक्षकालाही पात्रता लागायची. जो तुष्टाबरोबर तुष्ट होतो, शोकाबरोबर शोक करतो, त्याला नाट्यशास्त्र प्रेक्षक मानते. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी अशा रसिकासाठी ‘सहृदय’ शब्द योजला. भाव पोहोचला नाही तर खोट नटाच्या बाजूला असू शकते, तशी प्रेक्षकाच्याही. केंब्रिजच्या चाचणीत डोळ्यांची चित्रे मुळात नियतकालिकांतून घेतलेली. त्या क्षणी त्या व्यक्तीच्या मनात काय होते, हे कुणी विचारले नव्हते. बरोबर उत्तर म्हणजे बहुसंख्य परीक्षकांना जे वाटले ते. आणि प्रत्येक चित्राशेजारी शब्द छापलेले. डार्विन यांनी नेमक्या याच गोष्टीविषयी बजावून ठेवले होते.

त्या शब्दांतूनच समीकरणाला पहिला तडा गेला. बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्नेओस यांनी १९७३ च्या सुमारास ‘अलेक्झिथायमिया’ हा शब्द रूढ केला. भावनांसाठी शब्द नसणे, असा त्याचा अर्थ. छातीत काहीतरी दाटले आहे हे कळते, पण तो राग आहे, भीती आहे की भूक, हे सांगता येत नाही, अशी ती स्थिती. ती ऑटिझम नव्हे. पण ऑटिस्टिक माणसांपैकी जवळजवळ निम्म्या जणांत ती आढळते आणि इतरांत सुमारे पाच टक्क्यांत. लंडनमध्ये जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० साली जवळच्या माणसाला वेदना होताना पाहणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. प्रतिसाद कमी-अधिक होता तो अलेक्झिथायमियाच्या प्रमाणात. ऑटिझमने फरक पडत नव्हता. २०१३ साली चेहरे ओळखण्याबाबत आणि २०१६ साली त्या छत्तीस डोळ्यांबाबतही हाच निर्वाळा मिळाला. त्याआधी २००८ साली इझाबेल झियोबेक आणि सहकाऱ्यांनी समानुभूतीचे दोन पदर वेगळे मोजले होते. ॲस्पर्गर यांच्या नावाने ओळखले जाणारे ऑटिझमचे निदान झालेल्या प्रौढांना दुसऱ्याची मनःस्थिती नेमकी ओळखणे जड गेले, पण दुसऱ्याविषयीचा कळवळा त्यांच्यात इतरांइतकाच निघाला. फ्रांकल यांनी भाषेचे पदर वेगळे केले, त्याला तोवर कित्येक दशके लोटली होती.

दुसरा तडा प्रयोगशाळेबाहेरून आला. १९९३ साली टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने जमलेल्या पालकांना सांगितले की तुमची संपर्काची रीत आमच्या रीतीशी जुळत नाही, तेव्हा परक्या मुलुखात गेल्यासारखे थोडे शिकून घ्यावे लागेल, आणि ते काम दोघांचे आहे. २०१२ साली डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने या अनुभवाला ‘दुहेरी समानुभूतीचा प्रश्न’ असे नाव दिले. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे कळत नाही, पण उणीव एकाच्याच खात्यावर मांडली जाते. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून आपण न जमणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणतो. त्यात पाठ कुणी फिरवली, हे कुणी एकट्या सहाला विचारत नाही. पुढे प्रयोगांनीही साथ दिली. २०१६ साली एलिझाबेथ शेपर्ड आणि सहकाऱ्यांना आढळले की ऑटिस्टिक माणसांच्या प्रतिक्रिया वाचणे इतरांना तुलनेने कठीण जाते. २०२० साली एडिंबराच्या कॅथरिन क्रॉम्टन यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्यांतून एक गोष्ट कानोकानी पाठवली. निव्वळ ऑटिस्टिक साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली, मिश्र साखळीत मात्र झपाट्याने झिजली. याच प्रयोगाची ३११ जणांची मोठी आवृत्ती २०२५ साली प्रसिद्ध झाली आणि तीत तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मिश्र साखळीचा निष्कर्ष त्यामुळे मवाळ करावा लागतो. ऑटिस्टिक माणसे संवादात उणी आहेत, हे मात्र दोन्ही वेळा दिसले नाही.

आता या वाटेचे आपल्या दारापर्यंतचे टोक. ऑटिझम १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ ही सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने घडवलेली, २००९ सालची मोजपट्टी वापरतात. तीत ४० कलमे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण, बेरीज ७० च्या खाली राहिली तर ऑटिझम नाही. भावनिक प्रतिसादाचा तीत स्वतंत्र विभाग आहे. प्रसंगाशी न जुळणारी भावना, अतिरेकी भावना, कारणाविना खळबळ अशी कलमे त्यात आहेत. कारण आहे की नाही, भाव जुळतो की नाही, हे ठरवणारी नजर तपासणाऱ्याची. बहुतेक वेळा मुलाला त्या खोलीत, त्या माणसासमोर, पहिल्यांदाच आणलेले असते. मूल शून्य नजरेने बसले तर ते गुण मुलाच्या नावे पडतात. प्रमाणपत्र हवेच, त्यावाचून शाळा, सवलती, उपचार अडतात, म्हणून मोजपट्टीला माझा विरोध नाही. विनंती एवढीच आहे. तपासणाऱ्यांनी कागदाच्या समासात दोन गोष्टी जरूर लिहाव्यात. हे मूल आपल्या माणसांत कसे व्यक्त होते असे घरचे सांगतात, आणि आपल्याला त्याचा चेहरा किती वाचता आला. दीडशे वर्षांपूर्वी अहमदनगरहून एर्स्किन यांनी धाडलेल्या उत्तरात ही दुसरी नोंद होती. आयसाच्या चाळीस कलमांत ती नाही.